तांबडं तळं

कोळंबखारचा काळुराम भित्रा होता. गावात कुणालाही विचारा, आधी हसतील आणि मग सांगतील. एसटीत बसला तर दाराजवळच्या बाकावर, तेही खिडकी उघडी असेल तर. घरात झोपला तर दाराला कडी नाही. लग्न झालं तेव्हा पोरींनी गंमत म्हणून नवरानवरीला खोलीत घालून बाहेरून कडी लावली, तर हा गडी आतून दोन्ही हातांनी दार बडवायला लागला. गोदूबाई, त्याची बायको, अजून ती गोष्ट सांगते आणि तोंडाला पदर लावते. बंद जागेत त्याची छाती दाटून यायची, तळव्यांना घाम फुटायचा. असल्या माणसाचा जन्म मिठागरात गेला हे एका परीनं बरंच झालं. मिठागराएवढी उघडी जागा दुसरी कुठली सापडायची?

पेणच्या खाडीकडची ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या पाणीच खेळवत आलेली. बांधात एक लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. उधाणाच्या भरतीला ती उघडायची, खाडीचं पाणी मोठ्या तळ्यात घ्यायचं, तापू द्यायचं. तिथून लहान वाफ्यात, तिथून आणखी लहान वाफ्यात. प्रत्येक ठिकाणी पाणी आटतं, घट्ट होतं, आणि शेवटी त्याच्यावर तांबूस झाक येते. ती आली की पाणी पिकलं. मग मीठ धरायला वेळ लागत नाही. काळुरामला ती झाक सगळ्यांच्या आधी दिसायची. पोपट म्हणून त्याचा जोडीदार होता, लहानपणापासूनचा. तो काळुरामला दिवसभर भित्रा म्हणून चिडवायचा आणि पाणी पिकलं का हे विचारायला त्याच्याचकडे यायचा.

मिठागरात आणखी एक रीत होती. उघाडीची फळी अडकली की कुणीतरी पाण्यात उतरायचं आणि ती मोकळी करायची. आणि एक उतरला की दुसऱ्यानं लगोलग त्याच्या मागं उतरायचं. त्यात विचारायचं काही नाही. भरतीची ओढ माणसाला फळीशी दाबून धरते, मागं कुणी नसलं तर पुढचा गेलाच म्हणायचं. जो मागं उतरला नाही त्याचं नाव गावात पोराबाळांपर्यंत निघत राहतं. काळुराम एवढा भित्रा, पण उघाडीत उतरायला तो कधी मागं राहिला नाही. वर आभाळ उघडं होतं ना. पोपट खाली गेला की दुसरी उडी काळुरामची असायचीच.

पुढं मिठागर बंद पडलं. एका पावसाळ्यात बांध फुटला, मालकानं तो बांधला नाही, माणसं पेणला नागोठण्याला जिकडे काम मिळेल तिकडे पांगली. मागोमाग गावात नळ आले, नळामागून संडास आले. आणि सगळं सांडपाणी कुठं जायचं याचा विचार करायला मात्र कुणाला सवड नव्हती. ते गटारातून गावाच्या खालच्या अंगाला विहिरीच्या वाटेवर साचायचं. डास, घाण, पोरांना जुलाब. दोन पावसाळे असे काढल्यावर कुठली तरी संस्था गावात आली. तिचे हर्षद साहेब, कोवळा माणूस, चपला हातात घेऊन चिखलातून चालायचे. त्यांनी ओसाड मिठागराची जागा बघितली आणि म्हणाले, इथं तळी करू.

तीन तळी. यंत्र नाही, वीज नाही, औषध नाही. गावाचं सांडपाणी पहिल्या तळ्यात यायचं, तिथं घाण तळाला बसायची. ते तळं काळंच असायचं. तिथून पाणी दुसऱ्या तळ्यात. ते उथळ आणि पसरट, त्याच्यात ऊन खेळायचं, हिरवं शेवाळ धरायचं, आणि ते शेवाळच पाणी सुधारायचं. तिथून तिसऱ्यात निवळायचं, आणि ओहोटीला खाडीत सोडायचं. हर्षद साहेबांनी सगळ्या गावाला बांधावर उभं करून हे समजावलं. ऐकून पोपट म्हणाला, "म्हंजे घानीचं मिठागर म्हना की." सगळे हसले, साहेबही हसले. आणि तळ्यांची राखण कुणाकडे द्यायची हा प्रश्नच उरला नाही. काळुरामकडे.

काम त्याला आवडलं. सकाळी बांधावरून फिरायचं, खेकड्यांनी पाडलेली भोकं चिखलानं बुजवायची, लांब दांड्याच्या फावड्यानं वरचा तवंग ओढायचा. त्याच्या नजरेला पुन्हा पाणी मिळालं होतं. फक्त एका गोष्टीजवळ जायचं तो टाळायचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या तळ्याच्या मधल्या बांधात सिमेंटचा हौद होता, पुरुषभर उंचीहून खोल. त्यात खाचेत बसवलेल्या फळ्या होत्या, त्या काढल्या की पाणी पुढं जायचं. गुरं पडू नयेत म्हणून हौदावर स्लॅब टाकलेला आणि त्याला माणूस जेमतेम मावेल एवढं चौकोनी तोंड. आत उतरायला लोखंडी आकडे. काळुरामनं पहिल्या दिवशी त्या तोंडातून खाली बघितलं आणि तिथंच बांधावर बसला.

"साहेब, ह्ये उघडंच ठेवा ना," तो हर्षद साहेबांना म्हणाला होता.

"काका, गाय पडली तर कोण काढणार?"

स्लॅब तसाच राहिला. त्यामुळे हौदात उतरायचं काम त्याच्या मुलाकडे आलं. मिथुन नागोठण्याला एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली होता, शिफ्ट संपली की बापाच्या मदतीला यायचा. बाप बांधावर उभा राहून दर घडीला हाक मारायचा, "मिथुन, हायस ना रे?" आणि खालून आवाज यायचा, "हाय बाबा, जातोय कुठं?" पोपट हे बघून पोट धरून हसायचा. हसू दे. ज्याच्या पोटात भीती असते त्यालाच ठाऊक.

मिथुनचं लग्न आदल्या वर्षी झालं होतं. दिपिका रोह्याजवळच्या वरसे गावची, भातशेतीवाल्यांची मुलगी. खाडी, बांध, उधाण हे तिला सगळं नवीन. सासऱ्यासमोर यायची ती डोक्यावरून पदर ओढून, आणि त्याच्याशी थेट बोलायची नाही. "आत्या, मामांना चहा द्या," असं गोदूबाईला सांगायची, मामा समोर बसलेला असला तरी. काळुरामही तसाच. सून आत आली की हा बाहेर.

त्या चैत्रात दिपिकाच्या माहेरी वास्तुशांत होती म्हणून सगळे वरशाला गेले. जेवणं झाली, पुरुष ओटीवर पान खात बसले. दिपिकाचा भाऊ प्रविण रोह्याला कंपनीत कामाला. त्याच्या तोंडी कंपनीच्याच गोष्टी. कुठल्याशा कारखान्यात घडलेलं तो सांगायला लागला. एक माणूस टाकी साफ करायला उतरला आणि पडला. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही पडला. तिसऱ्यानं नाकाला ओला रुमाल बांधला आणि उतरला.

"मग?" काळुरामनं विचारलं.

"मग काय. तिघंही गेली."

"बुडाली का?"

"पानी घोट्याएवढं होतं मामा. गॅस. आधी अंडं कुजल्यागत वास येतो. मग वास यायचाच बंद होतो. मानसाला वाटतं, चला, गॅस गेला. गॅस तिथंच असतो. मानसाचं नाक मेलेलं असतं."

काळुरामच्या हातातलं पान तसंच राहिलं. "मग काढायचं कसं?"

"वरूनच. दोरी, आकडा, जे मिळंल त्यानं. खाली कुनी जायाचं नाय."

"आपलं मानूस खाली, आनि आपून वरनं बघत ऱ्हायाचं?" गोदूबाई आतून म्हणाली. प्रविणनं खांदे उडवले. विषय दुसरीकडे गेला, कुणीतरी नवीन घराच्या कौलांचं काढलं. पण काळुरामच्या डोक्यातून ते जाईना. पुढं कित्येक दिवस तो जेवताना मध्येच थांबायचा. मिथुनला हौदात उतरवताना आधी नाकानं हुंगून बघ म्हणायचा. मिथुन कंटाळायचा. "बाबा, ती टाकी होती. ह्यो आपला हौद हाय."

आता पुढचं सांगताना मला काळुरामचा राग येतो, आणि राग येऊनही काही बोलता येत नाही. वैशाख लागला. गावात लग्नंच लग्नं, घरटी पाव्हणे, गटारं भरून वाहायला लागली. ऊन मरणाचं. दुसऱ्या तळ्याचा हिरवा रंग आधी विटला, मग मातकट झाला. आणि एका सकाळी काळुराम बांधावर गेला तर तळ्याच्या कडेनं तांबूस झाक आलेली. दुपारपर्यंत अर्धं तळं लालसर.

हर्षद साहेबांनी त्याला बजावून ठेवलं होतं, हिरवा गेला तर लगेच फोन करा. शेजारच्या गावात फोन होता, काळुराम चालत जाऊन आला असता. पण साहेब हिरवा गेला तर म्हणाले होते. लाल आला तर काय, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि काळुरामला विचारावंसं वाटलं नाही. उभ्या जन्मात लाल पाण्यानं त्याला कधी वाईट बातमी दिली नव्हती. लाल म्हणजे पिकलं. लाल म्हणजे आता हाताला लागेल. तो पोपटला ओढत बांधावर घेऊन आला.

पोपटनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. "पिकलं की रे."

"पिकलं," काळुराम म्हणाला, आणि किती दिवसांनी तो मोकळा हसला.

"वास लय मारतोय पन."

"घानीला वास यायचाच. गुलाबाचं तळं हाय का?"

गोदूबाईला मात्र ते बरं वाटलं नव्हतं. वास घरापर्यंत येत होता, तिची तांब्याची घागर काळी पडायला लागली होती, चिंचेनं घासली तरी जाईना. "सायबांना एक फोन करून या," ती म्हणाली. काळुराम एरवी बायकोचं ऐकायचा. या वेळी म्हणाला, "गो, तू मला पान्याचं शिकवू नको." हौदाच्या तोंडाला भिणारा, कडीला भिणारा, एसटीच्या बंद खिडकीला भिणारा हा माणूस. आणि जिथं भ्यायला हवं होतं तिथं छाती काढून उभा.

वर आणखी एक केलं. मिठागरात पिकलेलं पाणी हलवत नाहीत, अजून थोडं मुरू देतात. तेच त्यानं इथं केलं. हौदाच्या फळ्या घट्ट बसवल्या आणि पाणी मुरू दिलं. तळं पार तांबडं झालं. मग एके दिवशी ओहोटी धरून तो मिथुनला म्हणाला, "आता फळी काढ. पुढच्या तळ्यात सोडू."

उन्हं कलली होती. पोपट पलीकडच्या बांधावर खेकड्याची भोकं बुजवत होता. दिपिका चहाची किटली घेऊन आली होती आणि थोडी लांब पाठमोरी उभी होती. मिथुननं वरून दोरीनं फळी ओढून बघितली. हलेना. फुगली होती. "उतरतो," तो म्हणाला, आणि चप्पल काढून आकड्यांवर पाय ठेवला.

"हुंग आधी," काळुराम म्हणाला.

"वास येतोय ना बाबा. रोजचाच हाय." आणि तो खाली गेला. त्याचं डोकं दिसेनासं झालं. खालून फळीवर लाथ मारल्याचा आवाज आला, मग पुन्हा एकदा.

"मिथुन, हायस ना रे?"

"हाय." मग खोकल्याचा आवाज. मग मिथुनचा आवाज आला, अगदी मजेत, "बाबा, वास गेला की."

काळुराम बांधावरून हौदाकडे धावला. "वर ये. फळी सोड, वर ये." खाली काहीतरी धप्पकन पडलं. त्यानं हौदाच्या तोंडातून खाली बघितलं. मिथुन हौदाच्या कोपऱ्यात बसल्यासारखा पडला होता, मान एका बाजूला, गुडघे पाण्यात. डोळे उघडे होते आणि ते वर बघत नव्हते.

पोपट पलीकडून आला तो सदरा काढतच. रीत होती ती. त्याला काही विचारायचं नव्हतं, त्यानं काही विचारलंही नाही, सरळ आकड्यावर पाय टाकला. काळुरामनं त्याच्या छातीत दोन्ही हातांनी धक्का दिला. पोपट मागं उताणा चिखलात पडला.

"खाली जायाचं नाय," काळुराम ओरडला. "गॅस हाय. जो जाईल तो तिथंच ऱ्हाईल."

"अरे पोरगा हाय तुझा."

"माजाच हाय. स्लॅब फोड. पहार आन. लोकांना हाक मार."

तेवढ्यात दिपिका आली. किटली तिनं कुठं टाकली कुणाला कळलं नाही. डोक्यावरचा पदर पडला होता. ती हौदाच्या तोंडाशी बसली आणि तिनं एक पाय आत सोडलाही. काळुरामनं तिला मागून कमरेला धरलं आणि ओढून काढलं. आजवर ज्या सुनेच्या पदराला त्याचा हात लागला नव्हता, तिला त्यानं बांधावर पाडलं आणि तिच्यावर दोन्ही हातांची मिठी घालून बसला. ती ओरडत होती, लाथा मारत होती, मामा सोडा, मामा सोडा. त्यानं सोडलं नाही. तिनं त्याच्या मनगटाचा चावा घेतला, दात रुतेपर्यंत. तरी सोडलं नाही. तसाच बसून तो नुसता ओरडून सांगत होता काय करायचं ते.

गावातून माणसं धावत आली. पोपटनं पहार घातली, चौघांनी स्लॅबचा कोपरा उचकटला. "तोंड आत घालू नका," काळुराम बसल्या जागेवरून ओरडत होता. "वाऱ्याच्या अंगानं उभं ऱ्हावा." स्लॅब निम्मा सरकला आणि खाडीवरचा वारा हौदात शिरला. पोपट बांधावर पालथा पडला, तवंग ओढायचं लांब दांड्याचं फावडं त्यानं आत घातलं आणि मिथुनच्या कंबरपट्ट्यात अडकवायला बघू लागला. एकदा निसटलं. पुन्हा निसटलं. मिथुनचं तोंड पाण्याकडे घसरत होतं. तिसऱ्या खेपेला अडकलं. पोपटनं श्वास कोंडून ओढलं, मागून दोघांनी पोपटचे पाय ओढले, आणि पोराचं डोकं वर दिसताच कुणी सदऱ्याला, कुणी केसांना धरून त्याला वर घेतलं.

ओठ निळे पडले होते. गोदूबाई कुठून आली, कशी आली, तिनं मुलाचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याच्या तोंडावर पदरानं वारा घालत राहिली. पोपट त्याची छाती दाबत होता, गालावर मारत होता, शिव्या देत होता. "ऊठ रे भडव्या, ऊठ." काळुराम अजून सुनेला धरूनच होता. मग मिथुनच्या घशातून घरघर आली, आणि तो ओकला. तेव्हा कुठं काळुरामचे हात सुटले. दिपिका रांगत नवऱ्याकडे गेली.

कुणाचा तरी टेंपो होता, त्यात घालून पेणच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नळी लावली आणि म्हणाले, सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही. काळुराम व्हरांड्यात दाराजवळ बसून राहिला. खोलीत जायचा, पोराचं तोंड बघायचा, बाहेर यायचा. भीती म्हणजे काय हे त्याला त्या वेळी कळलं. आजवरची सगळी त्यापुढं काहीच नव्हती. पोरगा जगेल का, आणि जगला तर शुद्धीवर येईल का, आणि आला तर आपल्याला ओळखेल का. एवढंच डोक्यात फिरत होतं.

गावाची माणसं आली, बसली, गेली. जाताना कुजबुजत होती. काळुरामला ऐकू यायचं तेवढं आलं. पोपट उतरत होता, बापानं ढकलला. स्वतः उतरला नाही तो नाहीच. भित्रा तो भित्राच. पोपट शेवटी त्याच्या शेजारी येऊन बसला. त्याच्या पाठीला चिखल तसाच वाळला होता.

"काळू, पन्नास उघाड्यांत आपून मागंपुढं उतरलो आसू."

"व्हय."

"मी गेलो असतो."

"मला ठाव हाय तू गेला असतास."

पोपटनं बिडी काढली, दवाखाना आहे हे लक्षात आलं, परत खिशात घातली.

उजाडल्यावर हर्षद साहेब आले, निरोप मिळाला तसे. आधी तळ्यावर जाऊन आले होते. चेहरा उतरलेला. काळुराम उठून उभा राहिला. "काका, असं लाल कधीपासून होतं?" त्यांनी विचारलं. काळुरामनं सांगितलं. साहेब म्हणाले, लाल होणं म्हणजे तळं आजारी पडलं होतं. घाण जास्त झाली, हिरवं शेवाळ मेलं, आणि त्या पाण्यातून विषारी वायू निघायला लागला, तो हौदात साठला. त्यांनी दोष दिला नाही, आवाजही चढवला नाही.

"मिठात लाल म्हंजे पिकलं," काळुराम म्हणाला. एवढंच म्हणाला आणि खाली बसला. पोरगा बुडाला तो कशात, हे त्याला आता कळलं होतं. बापाच्या शहाणपणात बुडाला होता. आपणच मुरू दिलं, आपणच फळ्या घट्ट केल्या, आपणच म्हणालो, उतर. त्याला वाटलं, आत जाऊन गोदूबाईला हे सांगावं. मग वाटलं, पोरगा डोळे उघडू दे, मग सांगू. तेवढंही धैर्य त्याला होईना.

दिवस चांगला वर आला तेव्हा मिथुननं डोळे उघडले. गोदूबाईला ओळखलं, दिपिकाला ओळखलं. डोकं दुखतंय म्हणाला. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, वाचला, पण काही दिवस इथंच ठेवू. गोदूबाई मोठ्यानं रडली. काळुराम दारात उभा होता. मिथुननं बघितलं आणि विचारलं, "बाबा, मागं कोन उतरलं होतं?"

"कोन नाय," काळुराम म्हणाला. "मीच कोनाला उतरू दिलं नाय."

मिथुन त्याच्याकडे बघत राहिला, मग थकून त्यानं डोळे मिटले. काळुराम बाहेर आला. तो व्हरांड्याच्या पायरीवर बसला, मनगटावरचा चावा सुजून काळानिळा झाला होता. थोड्या वेळानं त्याच्या पाठीमागं पावलं वाजली. दिपिका होती. पाण्याचा तांब्या आणि ओला फडका घेऊन आली होती. ती पायरीवर बसली, त्याचा हात तिनं आपल्याकडे ओढला आणि चाव्यावर फडका ठेवला. डोक्यावर पदर नव्हता, तिनं तो घेतलाही नाही.

"मामा," ती म्हणाली. थेट त्याला उद्देशून ती पहिल्यांदाच काही बोलत होती, आदल्या दिवशीचं ओरडणं सोडलं तर. "प्रविणदादाचं तुमच्या ध्यानात होतं ना?"

"होतं."

"खाली गेलो तर मरनार, ह्ये तुमाला पक्कं ठाव होतं."

"व्हय गो."

"म्हनून तुमी उतरला नाय."

हो म्हणायला सोपं होतं. सगळ्या गावाला ते सांगता आलं असतं, आणि गावानं मानलंही असतं. पण ती मनगटावर फडका धरून बसली होती आणि त्याला खोटं बोलवेना.

"नाय," तो म्हणाला. "ठाव होतं तरी उतरलो असतो. पोपटला ढकलला आनि मीच पाय टाकनार होतो. तेवढ्यात तू आलीस. तुला धरलं, म्हनून माजे हात रिकामे ऱ्हायले नाय. तू लाथा मारत होतीस ना, मी मनात म्हनत होतो, मार, अजून मार, थांबू नको. तू दमली असतीस तर मी तुला सोडून उतरलो असतो."

दिपिकाचा हात त्याच्या मनगटावर तसाच थांबला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही. आतून मिथुनच्या खोकण्याचा आवाज आला, तशी दोघंही एकदम उठली आणि आत धावली.